कँडी कुणाला, ठेंगा कुणाला?

मंडळी, अंगठा आवरा! ‘पॉवर अप’चं बटण दाबायच्या आधी जरा इकडे लक्ष द्या. ‘पोकेमॉन गो’मध्ये पोकेमॉन पकडणं सोपं आहे, पोसणं महाग. आणि कुणाला पोसायचं हे ठरवताना भल्याभल्यांची विकेट पडते.

सुरुवात रेकॉर्डनं करू. जुलै २०१६ मध्ये आलेल्या या गेमनं पहिल्याच महिन्यात २०.६५ कोटी डॉलर कमावले, १३ कोटी डाउनलोड खेचले आणि गिनेस बुकात जाऊन बसला. १० कोटी डॉलरचा टप्पा गाठायला त्याला किती दिवस लागले, माहीत आहे का? वीस! वीस दिवसांत आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगची तारीखसुद्धा ठरत नाही.

भारतात गेम अधिकृतपणे यायला मात्र डिसेंबर उजाडला. जिओशी हातमिळवणी झाली आणि जिओची दुकानं गेममधले थांबे, म्हणजे पोकेस्टॉप, बनली. गंमत अशी, की त्याच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, प्रकरण गुजरात हायकोर्टात पोचलं होतं! तक्रार काय? गेममध्ये देवळांच्या जागी अंडी मिळतात, त्यानं भाविकांच्या भावना दुखावतात. अंडी आभासी, नोटीस खरीखुरी.

ही अंडी लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहेत.

धूळधाण

पॉवर-अपला दोन गोष्टी लागतात, स्टारडस्ट आणि कँडी. स्टारडस्ट म्हणजे १९७१ साली मुंबईत निघालेलं फिल्मी मासिक नव्हे हो! ही चमचमती धूळ. कँडी प्रत्येक घराण्याची वेगळी, पिकाचूची कँडी मॅजिकार्पला चालत नाही. डस्ट मात्र सगळ्यांची सामाईक. चार भावंडं आणि आमरसाची एकच वाटी, असा मामला. एकाच्या पानात वाढलं की दुसऱ्याच्या पानातलं गेलं.

आणि सीपी? पोलीस आयुक्त नाहीत, ‘कॉम्बॅट पॉवर’. पोकेमॉनच्या डोक्यावर झळकणारा हाच तो आकडा. पॉवर-अप केला की फुगतो. आपली छातीही फुगते. घोळ तिथूनच सुरू होतो.

बटण एकदा दाबलं की अर्धी लेव्हल वाढते. अगदी तळाच्या पहिल्या दाबाला २०० डस्ट. पन्नासाव्या लेव्हलला टेकवणारा शेवटचा दाब कितीला, माहीत आहे का? १५,०००! माल तोच, भाव ७५ पट. दिवाळीतल्या ट्रॅव्हल्सवाल्यांनीही लाजावं.

आता पाटी-पेन्सिल घ्या. लेव्हल १ ते ३० या प्रवासाला १,२०,००० डस्ट. ३० ते ४० ला १,५०,०००. ४० ते ५० ला २,५०,०००, शिवाय २९६ एक्सएल कँडी. आणि शेवटच्या वीस लेव्हलचे चार लाख ओतून ताकद वाढते किती? साधारण १५ टक्के. हत्ती गेला, शेपूट ओढायला क्रेन मागवली!

म्हणून हिशेबी खेळाडू काय करतात? एकालाच शिखरावर चढवण्याऐवजी पलटण उभी करतात. एका पन्नाशीवाल्याच्या ५,२०,००० डस्टमध्ये तिसाव्या लेव्हलचे चार गडी तयार होतात आणि वर ४०,००० खिशात उरतात. (हे सगळं मला आता कळतंय. का, ते शेवटी.)

डस्ट आणायची कुठून? साधा पोकेमॉन पकडला की १००. पण ट्रबिश पकडलात तर ७५०! ट्रबिश कोण, माहीत आहे का? चक्क फाटकी कचऱ्याची पिशवी. फुंगस नावाचं अळंबं ५०० देतं, आणि त्याची टोपी हुबेहूब पोकेबॉलसारखी असते, म्हणजे शिकारच शिकाऱ्याला फसवणार. दानशूर कर्ण मात्र ऑडिनो. हा गुलाबी, लोंबत्या कानांचा जीव पकडला की तब्बल २,१०० डस्ट. दिसला की पायातली चप्पल विसरून धावा.

पावसाळा आवडतो? गेमलाही आवडतो! बाहेर खरोखर पाऊस असेल तर वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग जातीचे पोकेमॉन जास्त निघतात, जास्त तगडे निघतात आणि त्यांच्यावर २५ टक्के डस्ट जादा मिळते. जुलैतली मुंबई म्हणजे डस्टचा सुकाळ. फोन भिजला तर जबाबदारी तुमची.

हंडो, नंडो आणि बाकीची जनता

प्रत्येक पोकेमॉनची एक छुपी जन्मपत्रिका असते. अटॅक, डिफेन्स आणि एचपी, तिन्हीला ० ते १५ मार्क. यांना म्हणायचं आयव्ही. सलाइन नाही, घाबरू नका.

तीन विषयांत पंधरापैकी पंधरा म्हणजे ‘हंडो’, शंभर नंबरी. साध्या रानातल्या पोकेमॉनमध्ये हंडो निघण्याची शक्यता किती? सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४,०९६ मध्ये एक! पण पाऊस-वाऱ्याची साथ असेल तर १,७२८ मध्ये एक. आणि अंड्यातून निघालेल्याची? २१६ मध्ये एक! अंडी लक्षात ठेवा म्हटलं होतं की नाही? अंड्यातल्या बाळाला तिन्ही विषयांत किमान १० मार्क मिळतातच. ग्रेस मार्कांची इतकी उदार पद्धत आपल्या बोर्डातही नाही.

उलटंही खरं. तिन्हीत शून्य आणणाऱ्याला म्हणतात ‘नंडो’. तोही ४,०९६ मध्ये एकच, त्यामुळे तोही दुर्मीळ, त्यामुळे तोही मिरवायचा! ढ मुलाची मिरवणूक काढणारा हा एकमेव खेळ असावा.

बरं, हंडो आणि नंडोत फरक किती पडतो? म्यूटूचं उदाहरण घ्या. त्याचा मूळ अटॅक ३००. नंडोचा ३००, हंडोचा ३१५. पाच टक्के. बस्स! या पाच टक्क्यांसाठी माणसं रात्री दीडला बागेच्या कुंपणाबाहेर उभी राहतात.

मग नको असलेल्यांचं काय होतं? ते गेममधल्या प्रोफेसर विलोकडे पाठवायचे, बदल्यात एक कँडी मिळते. प्रोफेसरसाहेब त्या जिवांचं नक्की करतात काय, यावर खेळाडूंचा वर्षानुवर्षांचा काळाकुट्ट विनोद आहे, की त्यांच्या प्रयोगशाळेत एक मोठा मिक्सर आहे. पुढे विचार करू नका. कँडी गोड लागणार नाही.

आणि शायनी! वेगळ्या रंगाचा, चांदण्या उडवत येणारा. तो पकडला की आपण आधी स्क्रीनशॉट पाठवतो आणि मग आनंदानं डस्ट ओततो. पण शायनीची ताकद एका दाण्यानंही जास्त नसते, माहीत आहे का? फक्त रंग बदलतो. वरच्या रंगाला भुलू नका, हे चोखोबांनी उसाचा दाखला देऊन सांगितलं त्याला शतकं उलटली. आपण ऐकतोय कुठे!

नाव मोठं, लक्षण खोटं

आता या फीचरचा हीरो. एंट्रीला शिट्ट्या हव्यात. स्लेकिंग!

हा भलामोठा आळशी गोरिला पन्नासाव्या लेव्हलला ५,०१० सीपीपर्यंत जातो. म्यूटू, जो म्हणे प्रयोगशाळेत बनवलेला महाशक्तिमान, तो ४,७२४ वर थांबतो. म्हणजे स्लेकिंग म्यूटूला भारी? कागदावर, हो. पण त्याचा झटपट हल्ला कोणता, माहीत आहे का? जांभई! आणि जांभईनं समोरच्याला इजा होते किती? शून्य. मैदानात उतरतो, पाच हजाराचा आकडा मिरवतो आणि आ वासून उभा राहतो. अधूनमधून एखादा जोरदार फटका देतो खरा, पण तोवर समोरच्यानं त्याची चटणी केलेली असते. आपल्या ऑफिसातही एक आहे. नाव नाही सांगत.

शून्य इजा करणारा दुसरा महारथी मॅजिकार्प. पाण्याबाहेर पडून नुसता तडफडणारा लाल मासा. तडफडण्याचे मार्क शून्य. त्याला मोठा करायला ४०० कँडी लागतात. पण ४०० झाल्या की त्याचा गॅराडोस होतो, सहा मीटरहून लांब निळा सर्पराक्षस. धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो, या चिनी दंतकथेवरून तो सुचलेला. मासा ४०० कँडीचा धनी होतो आणि स्लेकिंग जांभया देतो.

शकलला भेटलात? कवचात राहणारा कासवकिडा. डिफेन्स ३९६, अटॅक १७. पन्नासाव्या लेव्हलला नेलात तरी सीपी पाचशेच्या आत. त्याला मारणं कठीण आणि त्यानं कुणाला मारणं अशक्य. अशी माणसं लग्नात जेवणाच्या रांगेत आपल्या नेमकी पुढे असतात.

आणि बरोब्बर उलटा नमुना म्हणजे डिऑक्सिसचा अटॅक अवतार. अटॅक ४१४, डिफेन्स ४६. काचेची तोफ! एक गोळा डागते आणि स्वतःच फुटते.

मग तिसरा नमुना? ब्लिसी. एचपीचा मूळ आकडा ४९६, म्हणजे आयुष्मान भव. पोटाशी अंडं घेतलेली ही गुबगुबीत नर्सबाई जिम नावाच्या चौकीच्या दारात बसवली की हल्लेखोर मारून मारून कंटाळतात. जिम सांभाळल्याचे दिवसाला जास्तीत जास्त ५० कॉइन मिळतात आणि त्यासाठी आठ तास वीस मिनिटं टिकावं लागतं. एक पूर्ण शिफ्ट, ओव्हरटाइम नाही.

वजनावरूनही फसू नका. वेलॉर्ड हा व्हेल साडेचौदा मीटर लांब, म्हणजे बेस्टच्या बसपेक्षा लांब. वजन? ३९८ किलो. एका म्हशीएवढं! कॉस्मोएम मात्र उंचीला १० सेंटिमीटर आणि वजनाला ९९९.९ किलो. मुठीत मावेल, उचलणार नाही. आणि कार्टाना? ओरिगामीच्या घडीसारखा कागदी योद्धा, वजन १०० ग्रॅम, पण अटॅक ३२३. गवत जातीच्या हल्लेखोरांतला दादा! डस्ट द्यायची तर या कागदाला द्या.

उलटी गंगा

थांबा, आता डोकं गरगरणार आहे.

खेळाडूंच्या आपापसांतल्या लढतींना तीन लीग आहेत. मास्टर लीगला मर्यादा नाही, अल्ट्राला २,५०० सीपी आणि ग्रेट लीगला १,५००. आता ग्रेट लीगसाठी सर्वांत भारी पत्रिका कोणती, माहीत आहे का? बहुतेक पोकेमॉनसाठी अटॅक शून्याजवळ, डिफेन्स आणि एचपी पंधराजवळ! हंडो बिचारा बाकावर बसतो.

का? सीपीच्या सूत्रात अटॅक पुरता मोजला जातो, डिफेन्स आणि एचपीचं मात्र वर्गमूळ घेतात. म्हणजे अटॅक वाढला की सीपी भसाभस चढतो आणि १,५०० ची भिंत लवकर लागते. अटॅक कमी असेल तर त्याच भिंतीआड जास्त लेव्हल कोंबता येतात. सामानाच्या वजनाची मर्यादा असलेल्या विमानात आई कशी लोणच्याच्या बरणीऐवजी मेतकूट भरते, तसंच.

मेडिचॅम हा योगासनं करणारा पोकेमॉन चाळिसाव्या लेव्हलला कितीही गुणी असला तरी १,४३१ च्या पुढे जात नाही. म्हणजे दीड हजाराच्या ‘छोट्या’ लीगसाठी त्याला पन्नाशीच्या आसपास न्यावं लागतं, एक्सएल कँडीसकट. छोट्या लीगचं बजेट मोठ्या लीगचं. गावच्या जत्रेला विमानानं जाण्यासारखं.

पण एक्सएल कँडी म्हणजे काय प्रकरण? शंभर साध्या कँडी दिल्या की एक एक्सएल मिळते. ४० ते ५० ला लागतात २९६, म्हणजे निव्वळ अदलाबदलीनं २९,६०० कँडी! आता म्यूटूला जोडीदार बनवून फिरवलं तर दर २० किलोमीटरला एक कँडी. करा गुणाकार: ५,९२,००० किलोमीटर. चंद्र साधारण ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. पोचाल, आणि परतीच्या निम्म्या वाटेवर असताना म्यूटू तयार होईल. (एक्सएल मिळवायचे इतरही मार्ग आहेत. कुणी निघू नका.)

पृथ्वीवरचाच हिशेब हवा? रेडमध्ये (ती काय, ते पुढे) पकडलेला म्यूटू विसाव्या लेव्हलचा असतो. त्याला चाळिसाव्यापर्यंत न्यायला २४८ कँडी, म्हणजे ४,९६० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर पालखीचा मार्ग अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वीस वाऱ्या! तोवर मोक्षही मिळेल आणि म्यूटूही.

रेड पडली, पळा!

नाही, इन्कम टॅक्सवाले नाहीत. रेड म्हणजे मोठ्या राक्षसावर टोळीनं चढाई. पाच ताऱ्यांच्या रेडमध्ये वेळ ३०० सेकंद. इथे मात्र अटॅकच हवा आणि जातही बघावी लागते. माणसांची नाही, पोकेमॉनची.

रेक्वाझा हा हिरवा ड्रॅगन आकाशात उडतो, त्याचा रुबाब असा की अंगावर काटा यावा. आहे ड्रॅगन आणि फ्लाइंग, दोन्ही. आणि दोन्हींना कशाचं वावडं? बर्फाचं! त्यामुळे बर्फाचा फटका त्याला २.५६ पट लागतो. सगळं आकाश जिंकलेला बाबा कुल्फीला घाबरतो. म्हणून शहाणे लोक मॅमोस्वाइन हा लोकरी मॅमथ पोसून ठेवतात. दिसायला गबाळा, पण हा एक तयार असला की उडणारे बरेच ड्रॅगन जमिनीवर येतात. माझ्या मते या गेममध्ये डस्टचं सर्वांत चोख चीज करणाऱ्यांत हा गबाळा वरच्या नंबरात आहे.

शॅडो पोकेमॉन माहीत आहेत का? लाल डोळ्यांचे, जांभळा धूर सोडणारे, ‘टीम गो रॉकेट’ या खलनायक टोळीच्या तावडीतून सोडवलेले. त्यांच्यासमोर एक गोजिरं बटण असतं: ‘शुद्ध करा’. मन म्हणतं, करून टाक, बिचारा किती हाल सोसतोय. थांबा! शॅडोचा अटॅक २० टक्के जास्त असतो. मार जास्त खातो, पॉवर-अपलाही २० टक्के जादा लागतं, पण रेडमध्ये धुतो. शुद्ध केलात की तो जोर गेला, बदल्यात प्रत्येक विषयात दोन मार्क वाढून मिळतात. तिन्हीत १३ असलेला शॅडो शुद्ध केला की थेट हंडो! म्हणजे पुण्य करायचं की रेड मारायची, हा इथे धर्मसंकटाचा प्रश्न आहे.

आणि हे ऐकाच. लढाईत होणारी इजा पूर्णांकात मोजतात, अपूर्णांक छाटला जातो. त्यामुळे १०,००० डस्ट ओतून एक दाब दिलात आणि तुमच्या झटपट हल्ल्याची इजा तेवढीच राहिली, असं खुशाल होऊ शकतं! रिक्षाच्या मीटरसारखं. गाडी पुढे सरकते, आकडा टप्पा आला की मगच उडी मारतो. पट्टीचे खेळाडू त्या टप्प्याला ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात आणि वह्या भरभरून तक्ते करतात. बाकीचे डस्ट संपली की रडतात.

नशीब, मावसभाऊ आणि नामकरण

अर्ध्या किमतीत पॉवर-अप! सेल नाही, लकी पोकेमॉन. दोन खेळाडूंनी अदलाबदल केली की कधीकधी पोकेमॉन ‘लकी’ होतो. चकचकीत सोनेरी पाठ, स्टारडस्ट निम्मी आणि हंडो निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक. जुलै-ऑगस्ट २०१६ मध्ये पकडलेला जुना पोकेमॉन अदलाबदलीत दिला, तर ठरावीक मर्यादेपर्यंत तो हमखास लकी होतो. तेव्हाची ती फालतू पिजी डिलीट केलीत? पितळेचा हंडा भंगारात घातलात!

अदलाबदलीसाठी सहसा दोघं जवळजवळ उभे हवेत. आणि दोन पोकेमॉन जितक्या लांबच्या गावी पकडलेले तितक्या कँडी जास्त, शंभर किलोमीटरच्या पुढे तीन. म्हणजे न्यू जर्सीचा मावसभाऊ डिसेंबरात पुण्याला येतो, तेव्हा त्याच्या बॅगेतल्या चॉकलेटांपेक्षा फोनमधला टॉरोस मोलाचा. टॉरोस हा तीन शेपट्यांचा बैल ठरला उत्तर अमेरिकेचा रहिवासी. आणि त्याला आपल्याकडून काय हवं असतं? टॉरकोल! पाठीतून धूर काढणारं, भारताच्या बाजूला मिळणारं कासव. आपल्याला रोजचं, त्याला अप्रूप. आवळा देऊन बैल काढा.

पण अनोळखी माणसाशी घाईघाईनं सौदा करू नका. तुमच्या यादीत नसलेला शायनी किंवा लेजंडरी नवख्या मित्राकडून घ्यायचा तर १०,००,००० स्टारडस्ट लागते. दहा लाख! तीच मैत्री रोज भेटी पाठवत तीन महिने पिकवली आणि ‘बेस्ट फ्रेंड’ झालात की फक्त ४०,०००. मैत्रीची किंमत कुणी आकड्यात सांगितली नव्हती. घ्या, ९,६०,०००.

ईवीचं काय करायचं, हा तर घराघरातला प्रश्न. या गोंडस कोल्ह्यासारख्या पिल्लाचे आठ वेगवेगळे अवतार होऊ शकतात. कोणता होणार हे नशिबावर? नाही, बारशावर! ‘रेनर’ असं नाव ठेवलंत तर व्हेपोरिऑन, ‘स्पार्की’ ठेवलंत तर जोल्टिऑन, ‘पायरो’ ठेवलंत तर फ्लेअरिऑन. ही नावं जुन्या कार्टून मालिकेतल्या ईवीवाल्या भावांची. युक्ती प्रत्येक नावाला एकदाच चालते. त्यामुळे आधी पत्रिका बघा, मग पाळण्यात घाला. भंगार ईवीवर नाव वाया घालवलेले लोक मला माहीत आहेत. मी धरून.

आणि याच व्हेपोरिऑनसाठी जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात रात्री माणसांचा लोंढा गाड्यांमधून धावला होता. ऑगस्टमध्ये तैपेईत स्नॉरलॅक्ससाठी रस्ताच तुंबला. एवढी धावपळ एका झोपाळू अस्वलासाठी!

तेव्हा सगळी डस्ट या दोघांवर. आणि मग नोव्हेंबरात गेमनं आकड्यांची फेरमांडणी केली. मागच्या बाकावरचे राईडॉन, अलाकझाम एकदम पुढे आले. राईडॉनची तर वेगळीच मजा. सगळ्यांत पहिला चितारलेला पोकेमॉन कोणता, माहीत आहे का? पिकाचू? बुल्बासोर? चूक! हाच तो शिंगवाला गेंडा. वीस वर्षं पहिला येऊन शेवटच्या रांगेत बसला होता.

२०२४ मध्ये मॅक्स बॅटल आल्या, तेव्हाही तसंच. महाकाय व्हायचं तर पोकेमॉन त्या लढाईतूनच पकडलेला हवा, घरातला जुना जाणता चालेना. झालं, परत शून्यातून कँडी.

तैवानचे चेन सान-युआन आजोबा मात्र कुणाला पोसावं याच्या चिंतेत पडत नसावेत. त्यांच्या सायकलला पुढे पंख्यासारखे फोन बांधलेले असतात. सुरुवात एका फोननं झाली, २०१८ मध्ये ११ झाले, २०२० पर्यंत ६४! चौसष्ट फोन, चौसष्ट कला. त्यांचा खरा ‘पॉवर अप’चा प्रश्न म्हणजे पॉवर बँक.

आपणही मागे नाही हं. २०२३ मध्ये गेम हिंदीत आला, पोकेमॉनच्या नावांसकट. २०२५ मध्ये मुंबईत ‘सिटी सफारी’ भरली. हातात फोन, मान खाली, पाय आपोआप चालू. मुंबईकराला याचं वेगळं ट्रेनिंग लागत नाही, दादर स्टेशनवर होतं ते.

आता माझं. सांगतो म्हटलं होतं.

नवा नवा खेळत होतो. सगळ्यांत मोठा आकडा दिसला त्यावर भुललो. रोजची फेरी, रोजची डस्ट, सगळी एकाच घशात. चाळिसावी लेव्हल. सीपी चार हजारांच्या वर. पहिल्या रेडला ऐटीत सगळ्यांच्या पुढे उतरवला. शेजारचा सहावीतला मुलगा माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, “काका, याला का आणलं?”

आणि माझ्या स्लेकिंगनं जांभई दिली.